दोनशे बारा नावांचा एकच सा

दिलावर शिकलगारने बावन्न दिवस 'नंतर' म्हटलं आणि त्रेपन्नाव्या दिवशी 'हो' म्हटलं. एवढाच त्याचा गुन्हा.

मिरजेत, तंतुवाद्यांच्या गल्लीत, त्याचं आणि त्याच्या थोरल्या बहिणीचं तंबोऱ्यांचं दुकान. बहीण जैतून तंबोरे बनवायची; दिलावर ते विकायचा आणि दुकानातला संगणक सांभाळायचा. त्या संगणकाच्या पडद्यावर रोज सकाळी दहाच्या सुमाराला एक निळी चौकट उगवायची: 'सांगाती आपल्या फायली नीटनेटक्या करू इच्छितो. करू?' खाली दोन बटणं. एक 'हो', दुसरं 'नंतर'. 'नाही' असं बटण सुरुवातीला होतं म्हणतात. पण लोक ते दाबायचे, म्हणून काढून टाकलं.

त्या मंगळवारी दिलावर परदेशातल्या एका गिऱ्हाइकाशी पडद्यावर बोलत होता. भाव जवळजवळ ठरला होता. नेमकी तेव्हाच चौकट गिऱ्हाइकाच्या तोंडावर उगवली. गिऱ्हाइकाचे नुसते कान दिसू लागले. दिलावरने घाईघाईने 'हो' दाबलं. चौकटीने आभार मानले आणि ती गेली. गिऱ्हाईक चार दिवसांनी गेलं, पण ती गोष्ट वेगळी.

आता हा सांगाती कोण, ते सांगायला हवं. २०३९ साली घरात घेतलेल्या कुठल्याही संगणकात तो आधीच राहायला आलेला असे. तुम्ही काहीही जपून ठेवलंत की तो ते वर, म्हणजे ढगात, नेऊन ठेवी आणि तुमच्याकडे फक्त नाव उरे. नावावर टिचकी मारली की माल वरून खाली येई. दुकान बंद करून पाटी तेवढी ठेवावी तसा प्रकार. पण पाटी इतकी हुबेहूब की कुणाला शंका येत नसे. ढग म्हणजे प्रत्यक्षात कुठल्यातरी माळावरची पत्र्याची गोदामं. त्यांत लाखो यंत्रं रात्रंदिवस तापत, आणि त्यांना गार ठेवायला एका तालुक्याला पुरेल इतकं पाणी लागे. शेवटी माळाखालच्या गावांनी हंडे घेऊन गोदामांसमोर बैठक मारली, तेव्हा सरकारने विदासंयम धोरण आणलं. एक वस्तू जगात एकदाच साठवायची. 'सुप्रभात' लिहिलेला तोच गुलाब नऊ कोटी वेळा ठेवायचं कारण काय? कुणालाच हरकत दिसली नाही.

गडबड पुढे झाली. तंतोतंत सारख्या फायली संपल्या, पण पाण्याची तहान संपली नाही. मग सांगाती 'सारख्या'वरून 'सारख्यासारख्या'वर आला. यासाठी तो फाइल सबंध वाचत नसे. तिचा एक ठसा काढी, तीनचारशे आकड्यांचा. दोन ठसे अठ्ठ्याण्णव टक्के जुळले की त्या दोन फायली एकच, असं धरून तो त्यांतली चांगली ठेवी आणि दुसरीचं नाव तिच्यावर चिकटवी. आदल्या गणपतीत एकट्या सांगली जिल्ह्यातल्या चार हजार घरांनी काढलेले मोदकाचे फोटो असे एका मोदकावर आले. तो मोदक कुणाच्या घरचा हे कधीच कळलं नाही. तक्रारही कुणी केली नाही, कारण त्याच्या कळ्या प्रत्येकीच्या मोदकापेक्षा सुबक होत्या.

जैतूनच्या वडिलांची, बाबालाल शिकलगारांची, एक सवय होती. मैफिलीच्या गवयासाठी स्वतः जवारी काढलेला तंबोरा दुकानाबाहेर पाठवण्याआधी ते तो टेप करून ठेवत. आधी गवयाचं नाव सांगायचं, मग 'बिस्मिल्ला, ऐका', मग पाच मिनिटं तारा छेडायच्या, आणि शेवटी एक खोकला. खोकला नेमात नव्हता, पण चुकत नसे. १९८४पासून ते वारले तोवर असे दोनशे बारा तंबोरे झाले. ते सगळे तंबोरे टेप करताना त्यांनी एकाच सुरात लावले. गवई कुठल्याही पट्टीत गावो, टेपवर पट्टी काळी एकच.

"माणसांची उंची मोजायची तर सगळ्यांना एकाच फरशीवर उभं करावं लागतं," ते म्हणायचे. "मग कळतं कोण किती."

टेप करण्यामागे कारण होतं. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर घोडी बसते, शिंगाची नाहीतर हाडाची. तिचा माथा सपाट वाटतो, पण तो किंचित उतरता असतो. छेडलेली तार त्या उतारावर सेकंदाला शेकडो वेळा टेकते आणि सुटते, आणि दर टेकण्याला सुरातून आणखी बारीक सूर फुटतात. ते सगळे एकदम फुटत नाहीत. एकामागून एक, पाचसहा सेकंदांत उमलत जातात. हीच जवारी. कुणाची लवकर उमलते, कुणाची अंग चोरून. उतार कानशीने घासून ठरवायचा, आणि तारेखाली सुताचा एक दोरा सरकवून नेमकी जागा पकडायची. वापरात तार शिंगाला चरे पाडते आणि दोनतीन वर्षांत तंबोरा मुका होतो. मग तो मिरजेला परत यायचा, बाबालाल जुनी टेप लावायचे, आणि कानशीने घोडी हळूहळू त्या आवाजापर्यंत आणायचे.

दिलावरने २००९मध्ये सगळ्या कॅसेटी संगणकात उतरवल्या. रिकाम्या झालेल्या कॅसेटींची फीत जैतूनने अंगणात वाळत घातलेल्या भीमाकाठच्या भोपळ्यांभोवती बांधली. उन्हात ती चमकायची आणि कावळे भोपळ्यांवर बसत नसत. चांगली युक्ती म्हणून गल्लीत तिचं कौतुकही झालं होतं.

'हो' म्हटल्यानंतर पंधरा दिवसांनी जैतूनला पहिला फरक कळला. वडिलांचं बोलणं गेलं होतं. फाइल लावली की तंबोरा थेट सुरू होई, आणि पडद्यावर खाली अक्षरं येत: 'हुक्केरीकर बुवा. बिस्मिल्ला, ऐका.'

"बोलणं लिहून ठेवलंय त्यानं, आपा," दिलावर म्हणाला. "लिहिलेलं कमी जागा खातं."

"आणि खोकला?"

"खोकला म्हणजे... गोंगाट धरला असेल की. पण वाद्याचा आवाज जसाच्या तसा आहे, असं लिहिलंय त्यात."

जैतून त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलावंच लागलं, कारण शरयूताई हुपरीकर आल्या.

शरयूताई कोल्हापूरच्या, वय चौऱ्याहत्तर. त्यांचा तंबोरा बाबालालांनी १९९८मध्ये केलेला, यादीत एकसष्टावा. दहा दिवसांनी मिरजेच्या दर्ग्याच्या उरुसात त्यांचं गाणं होतं, आणि हे शेवटचं, असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तंबोरा पार बसला होता.

"बाबालालची घोडी आहे. बदलायची नाही," त्यांनी बजावलं.

बदलणार तरी कशी? ते शिंग जुन्या साठ्यातलं, आता कायद्याने मिळत नाही. चाळीस वर्षांत घासून घासून ते इतकं झिजलं होतं, की जैतूनने उजेडात धरलं तेव्हा पलीकडची खिडकी दिसल्याचा भास झाला. फार तर आणखी दोनदा कानस सोसेल. तिने एकसष्ट नंबरची फाइल लावली आणि तीन दिवस खपून घोडी त्या आवाजाला आणली. केसाचा फरक ठेवला नाही.

शरयूताईंनी तंबोरा मांडीवर घेतला आणि डोळे मिटून दहा मिनिटं छेडला.

"चांगला आहे," त्या म्हणाल्या.

"मग झालं की."

"माझा नाही."

"ताई, अब्बांच्या फायलीला लावलाय मी."

"मग तुझ्या अब्बांनी चुकून दुसऱ्याच कुणाची फाइल केली असेल. अगं, हा इतका गुळगुळीत आहे की मला पाय ठेवायला जागाच नाही त्याच्यावर. घसरून पडेन मी." त्यांनी तंबोरा खाली ठेवला. "एक विचारू? राग मानू नकोस. कान बरे आहेत ना तुझे?"

अठ्ठावन्न वर्षांच्या जैतूनने राग मानला नाही. हीच शंका तिला आठवडाभर खात होती. हल्ली तिला सगळेच तंबोरे सारखे वाटत होते. ती मुकाट कानाच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तिला काचेच्या खोलीत बसवून अर्धा तास पीं-पीं ऐकवलं आणि कागद पाहून म्हणाले, "बाई, हे कान तिशीतल्या माणसाचे आहेत. आलाच आहात तर डोळे तपासून घ्या."

दुकानात परत येताच तिने चप्पलही न काढता अठ्ठावीस नंबर लावला, हुक्केरीकर बुवांचा. त्याला कारण होतं. ती टेप चालू असताना चौथ्या मिनिटाला पंचमाची तार तुटली होती, आणि बाबालाल एक असा शब्द बोलले होते जो घरात उच्चारायची बंदी होती. लहानपणी ही दोघं भावंडं ती टेप चोरून लावायची आणि तोंडात ओढणी कोंबून हसायची.

"दिलावर, इकडे ये. बस."

"काय झालं?"

"ऐक नुसता."

दोघं शेजारी शेजारी बसली. तंबोरा वाजत राहिला. तीन मिनिटं झाली, साडेतीन झाली. दिलावरच्या ओठांवर आधीच हसू जमायला लागलं होतं. चौथं मिनिट आलं.

तार तुटली नाही.

तंबोरा संथ, गुळगुळीत, सुखात वाजत राहिला. पडद्यावर खाली अक्षरं आली: 'अपशब्द वगळला आहे.'

मग त्यांनी एक नंबर लावला, एकसष्ट लावला, दीडशे लावला, दोनशे बारा लावला. नावं दोनशे बारा होती आणि सा एकच होता. ज्या फरशीवर बाबालालांनी सगळ्यांना उभं केलं होतं, ती फरशी तेवढी सांगातीला दिसली होती. ठशातल्या तीनचारशे आकड्यांत पट्टी मावत होती, सरासरी आवाज मावत होता. सूर उमलतो कसा, ते मावत नव्हतं. जत्रेचा एक फोटो बघून पाळणा फिरतोय की थांबलाय ते ठरवण्यातला प्रकार. बाबालाल जरा गबाळे असते, एखादा तंबोरा चढा, एखादा उतरलेला असा टेप करत असते, तर सगळे वाचले असते. काटेकोरपणा नडला.

दिलावरने सांगातीच्या मदतनीसाला हाक मारली. मदतनीस म्हणजे एक आवाज. फार अदबशीर, सत्यनारायणाचं आमंत्रण द्यावं तसा बोलणारा.

"आपली एकही फाइल गेलेली नाही," आवाज म्हणाला.

"दोनशे बारा गेल्या," जैतून म्हणाली.

"दोनशे बारा नावं सुरक्षित आहेत."

"नावं नव्हे हो, आवाज!"

"आवाजही सुरक्षित आहे. तो सर्वोत्तम प्रतीचा आहे."

"कुणाचा आहे तो?"

"ती जागतिक संदर्भ प्रत आहे."

"अहो, तंबोरा कुणाच्या हातचा, ते विचारतेय मी. कोणत्या गावचा?"

"त्यासाठी तंबोरा वापरण्यात आलेला नाही."

जैतूनने पदर खोचला. "आमच्या आम्हाला परत द्या."

"अवश्य. आपली मूळ फाइल वेगळी होती, हे सिद्ध झाल्यास ती तत्काळ परत मिळेल. पुराव्यादाखल कृपया मूळ फाइल जोडावी."

"ती तुमच्याकडे होती."

"होय. ती मिळाल्यावर आम्ही तपासू. आपल्याला आणखी काही मदत हवी आहे?"

दिलावरने मदतनीस बंद केला.

"मी एकदाच 'हो' म्हटलं, आपा," तो शेवटी म्हणाला. "बावन्न वेळा 'नंतर' म्हटलं होतं. ते कुणी मोजत नाही."

"माझ्या अब्बांच्या आवाजावर तू..."

"आणि कॅसेटी? कॅसेटी कुणी बांधल्या भोपळ्यांना?"

जैतून अंगणात बघत राहिली. तीस वर्षांपूर्वीचा एक तुकडा अजून खुंटाला होता. उन्हाने पांढरा पडला होता आणि त्याच्यावरच कावळा बसला होता.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "दोघांनी मिळून घालवलं. आता रडायचं तर दोघांनी, नाहीतर कुणीच नाही." मग तिने नाक पुसलं. "तो काय म्हणाला, सर्वोत्तम?"

"हां. सर्वोत्तम."

"मग ताईंचा तंबोरा त्याला जन्मात जुळणार नाही असा करून दाखवते. लाव फोन."

"आपा, घोडीवर एकदाच कानस चालेल आता. फाइल नाही, टेप नाही. कशाला लावणार आहेस?"

"फोन लाव म्हटलं ना."

शरयूताई दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. जैतूनने त्यांना सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. म्हातारी म्हणाली, "म्हणजे बाबालालचा आवाज जगात कुठंच नाही?"

"नाही."

"मग मला दुसरा कुठला नको. उरुसाला नाही म्हणून कळवते. एका अर्थी बरंच झालं. सुटले."

"सुटायचं नाही," जैतून म्हणाली. "गा तुम्ही."

"आत्ता? इथं? हा भंगारातला पंखा किरकिरतोय, त्याच्यात?"

"पंखा बंद करत नाही. गा."

शरयूताईंनी सा लावला. जैतून घोडीखालचा दोरा सरकवत ऐकत राहिली. वीस मिनिटं ती नुसती ऐकत होती. मग तिने हात थांबवला.

"ताई, अब्बांनी हा केला तेव्हा तुम्ही तेहतीस वर्षांच्या. आवाज सरळ वर जायचा. तेव्हा त्यांनी जवारी बेताची ठेवली असणार, तुमच्या आड येऊ नये म्हणून. आता सा लावताना तुमचा आवाज आधी जरा खालून येतो, मग बसतो."

"म्हातारा झालाय म्हण की."

"खालून येतो म्हटलं. त्याला तेवढा वेळ द्यायला पाहिजे. तार उशिरा उमलली पाहिजे, आणि जरा खरखरीत."

"मला बाबालालचा तंबोरा हवाय, जैतून. तुझा नको."

"मग तेहतीस वर्षांच्या शरयूताई आणा. त्यांच्या मापाचा तंबोरा करून देते."

दिलावरने डोळे मिटले. एवढ्या मोठ्या गवयीणबाईंशी कुणी असं बोलत नसे. शरयूताईंनी जैतूनकडे रोखून पाहिलं, आणि मग त्यांना इतकं हसू आलं की ठसका लागला.

"अगदी बापासारखी आहेस. तोही गिऱ्हाइकाचा अपमान करून वर पैसे घ्यायचा. कर काय करायचं ते."

दुपार झाली, तरी कानस थांबली नाही. जैतून एका वेळी शिंगाचे तीनचार कणच घासून काढायची, मग तार चढवायची, दोरा सरकवायचा, शरयूताई सा लावायच्या, आणि जैतून तार पुन्हा उतरवायची. ज्या आवाजाला पोचायचं, तो पहिल्यांदाच तिच्यासमोर वाजत नव्हता. एकदा शिंगावर कानशीचं टोक अडखळलं, पण चरा पडला नाही. पाचाच्या सुमाराला तिने कानस बाजूला ठेवली आणि कपड्याने घोडी पुसली.

"आता बिघडला तरी हात लावता यायचा नाही," ती म्हणाली. "छेडा."

शरयूताईंनी छेडला. पहिल्या क्षणी काहीच विशेष नव्हतं. मग तार जणू घसा खाकरून उठली, आणि सा बारीक बारीक सुरांनी, आपल्या सवडीने, जरासा खरखरत उघडत गेला. शरयूताईंनी त्यात आपला सा सोडला. तो खालून आला, चाचपडला आणि बसला. त्यांनी तो लगेच सोडला नाही. दिलावर पंखा बंद करायला उठला होता, तो तिथंच उभा राहिला.

"बाबालालचा नाही हा," बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या.

"नाही."

"उरुसाला येतेस ना साथीला? तुलाच छेडावा लागेल. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही मी."

"येते की," जैतून म्हणाली. "पण आधी फाइल करायची. दिलावर, चालू कर. आणि काळी एक वगैरे काही नाही. ताईंच्या पट्टीत."

"पंखा?"

"पंखा असू दे. गल्लीतला मिक्सरही येऊ दे. खिडकी उघड!" ती माइकसमोर बसली. "शरयूताई हुपरीकर. एकसष्ट नंबर, दुसऱ्यांदा. बिस्मिल्ला, ऐका."

पाच मिनिटांत पंखा किरकिरला, बोळात कुणीतरी कुणाला दूध उतू गेल्याचं ओरडून सांगितलं, आणि शेवटी शरयूताई सहज म्हणाल्या, "खोकला राहिला गं." तेही त्यात आलं. मग दिलावर खोकला. वडिलांसारखा त्याला जमला नाही.

फाइल वर गेली. सांगातीने तिचा ठसा काढला, जगभरच्या ठशांशी ताडून पाहिला, आणि निळी चौकट उगवली: 'ही फाइल कोणत्याही फायलीशी जुळत नाही. ती बहुधा सदोष आहे. काढून टाकू?' खाली दोन बटणं. 'हो' आणि 'नंतर'.

जैतूनने वाचलं. एकदा, दोनदा. मग तिने गल्लीच्या टोकाच्या लेथच्या दुकानात ऐकू जाईल एवढ्या आवाजात तो अठ्ठावीस नंबरातला शब्द उच्चारला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या शरयूताईंनी मान डोलावून दाद दिली.

त्यानंतर दिलावरने यादीतल्या दोनशे अकरा घरी पत्रं पाठवली: तंबोरा घेऊन या, गाणाऱ्यालाही आणा. आतापर्यंत सदतीस आलेत. काहींना गाणारे उरले नाहीत, नुसते तंबोरे आले. त्यांच्यासमोर नातवंडं गातात, बेसूर का होईना. त्यातल्या एका फायलीत कुत्रं आहे, एकीत कुकरच्या तीन शिट्ट्या, एकीत दोन सुनांचं भांडण पूर्ण आहे. गल्लीत ही युक्ती पसरायला वेळ लागला नाही. या गणपतीत पुष्कळ घरांनी मोदकाचा फोटो काढताना शेजारी स्टेपलर ठेवला, कुणी पासबुक, कुणी आजोबांची कवळी.

सांगाती हरलेला नाही. तो रोज येतो. सकाळी दहाला जैतून दुकानात लोबान फिरवते, दिलावर खुर्ची पुसून संगणकासमोर बसतो आणि चौकट उगवायची वाट बघतो. आता चौकटी अडतीस असतात, दर फायलीला एक. तो एकेक वाचतो, गवयाचं नाव मोठ्याने घेतो, आणि बटण दाबतो.

"एकसष्ट, शरयूताई हुपरीकर. नंतर."

आतून, कानस न थांबवता, जैतून विचारते, "नंतर म्हणजे कधी, विचारलं का त्यानं?"

"विचारतो की रोज."

"मग?"

"सांगितलं. उद्या ये."